मागची खोली

चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एक पिशवी हरवली नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. बस स्थानकावरची झाडूवाली सांगायची, चहावाली सांगायची, आणि वाहतूक नियंत्रक चिडला की आम्हा सगळ्यांना ऐकवायचा, "त्या बिल्लेकाकांकडून शिका जरा!"

बिल्लेकाका सामानघर सांभाळायचे. प्रवासी सामान ठेवायला आला की ते पितळी बिल्ल्यांची जोडी काढत. एक बिल्ला सुतळीने सामानाला बांधायचा, दुसरा प्रवाशाच्या तळहातावर ठेवायचा. टेबलावर नाही, तळहातावर. मग त्याची बोटं आपल्या बोटांनी मिटायची आणि म्हणायचं, "हा सांभाळा. बाकीचं मी सांभाळतो."

माझी चौकशीची खिडकी त्यांच्या शेजारी होती. साहित्याची पदवी घेऊन मी दिवसभर ‘पुढची गाडी किती वाजता’ या एका प्रश्नाचं उत्तर देत होते. काका मला पदवीधर म्हणत.

"काय पदवीधर, आज कादंबरीत कोण मेलं?"

"अजून कुणी नाही, काका."

"मग वाच. मरेल."

सामानघराचा एक नियम होता. सामान तीस दिवस मांडणीवर राहायचं. त्यानंतर नवं सामान आलं आणि जागा नसली, की सर्वांत जुनं काढायचं. काढायचं म्हणजे मागच्या खोलीत न्यायचं. ती खोली बिनखिडकीची होती आणि तिला दोन कुलपं होती. वर्षभरानंतर तिथल्या वस्तूंचा लिलाव करावा असं नियमात लिहिलेलं होतं. काकांनी तो कधी होऊ दिला नाही. दर वर्षी वरचे साहेब यायचे, खोलीकडे बोट दाखवायचे. काका म्हणायचे, "साहेब, माणूस येतो."

"कधी येतो?"

"येतो तेव्हा येतो."

एक माणूस नऊ वर्षांनी आला होता. व्हायोलिनची पेटी न्यायला. त्याच्याकडे पावती नव्हती, ओळखपत्र नव्हतं, पण बिल्ला होता. काका आत गेले आणि तीन मिनिटांत पेटी घेऊन बाहेर आले. पेटीवर धूळ नव्हती. हे मी पाहिलेलं आहे. ते महिन्यातून एकदा मागच्या खोलीतलं सगळं पुसून काढायचे. न येणाऱ्या माणसांचं सामान.

हे सगळं आधी सांगतेय, कारण पुढे जे झालं ते या खोलीमुळे झालं. आणि माझ्यामुळे.

काका निवृत्त झाले आणि पाच महिन्यांत काकू गेल्या. काकू दूरचित्रवाणीवर होत्या. तुम्ही त्यांना पाहिलं असेल आणि तुमचं लक्ष गेलं नसेल. संध्याकाळच्या बातम्यांत पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटं वर्तुळ असतं, त्यात एक बाई हातांनी बातम्या सांगत असते. आमच्या इथल्या एका लहान वाहिनीवर आठवड्यातून तीन दिवस ती बाई म्हणजे काकू.

त्या ही भाषा शिकल्या मुलीसाठी. मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. काकू तिच्याबरोबर शाळेत जाऊन बसल्या, तिच्याबरोबर शिकल्या, मग त्याच शाळेत शिकवू लागल्या. काका शिकले नाहीत. बारा-बारा तासांची पाळी हे एक कारण होतं. दुसरं त्यांनी मला खूप नंतर सांगितलं. मुलगी सात वर्षांची असताना त्यांनी एकदा जेवताना हातांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला होता. ते चुकलं. मुलगी हसली. पाणी नाकात जाईपर्यंत हसली. काकांनी हात खिशात घातले, ते घातलेच.

त्या दिवसापासून त्या घरात तिघांचं बोलणं काकूंच्या हातांतून जायचं. काकू म्हणायच्या, "तुम्हा बापलेकींचं पोहोचवता पोहोचवता मी एक दिवस उपाशी मरणार आहे." काका चिडून काही बोलले, तर काकू ते मऊ करून मुलीला सांगत. मुलगी उलट काही बोलली, तर तेही मऊ करून काकांना सांगत. वीस वर्षं दोघांना वाटत होतं, समोरचं माणूस किती शांत आहे. पत्रं पोहोचवणारी बाई पत्रं उघडून दुरुस्त करत होती.

त्या गेल्यावर बापलेकींत एक वही आली आणि फोनवरचे निरोप आले. मुलगी तीन तासांवरच्या शहरात कृत्रिम दात बनवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. मी तिला ताई म्हणते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती घरी यायची. काकांनी एकदा मला फोन दाखवला होता. महिनाभराचे निरोप अंगठ्याच्या एका झटक्यात संपले.

पोचले.

बरं.

औषध?

घेतलं.

माझी सुट्टी गुरुवारी असायची. दर गुरुवारी दुपारी मी काकांकडे जायचे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत एक सोफा, एक आरामखुर्ची, टीव्ही, आणि टीव्हीखाली रेकॉर्डर. हा खोका काकांनी चार वर्षांपूर्वी घेतला होता. काकू पडद्यावर असत तेव्हा काका कामावर असत, म्हणून. खोका आपोआप बातम्या साठवून ठेवायचा. रात्री काका जेवताना बघायचे. काकू शेजारून म्हणायच्या, "बंद करा ते. माझी कोपरं किती जाड दिसतात." खोक्यात काकूंची चारशे सत्तावीस बातमीपत्रं होती.

काकू गेल्यावर काका तीच बघत राहिले. मी गेले की टीव्ही चालू असायचा. जुना पूर, जुनी निवडणूक, जुना संप, आणि कोपऱ्यात काकू. मी आले की ते घाईने बंद करत. शेजारच्या उशीखाली काहीतरी सरकवत. एकदा मी विचारलं, "काका, तेच तेच बघून त्रास नाही होत?"

"नाही गं. बातम्या आहेत. जगात काय चाललंय ते कळतं."

"तीन वर्षांपूर्वी काय चाललं होतं ते."

"तेव्हा बघायला वेळ नव्हता."

मी हसले. आणि मनात ठरवलं, या माणसाला बाहेर काढायचं. मी पुस्तकं वाचलेली मुलगी. मला दुःख ओळखता येतं असं मला वाटायचं. माणूस दुःखात रुतला की त्याला दुसरी गोष्ट द्यावी, असा माझा एक सिद्धांत होता. स्वतःवर कधी करून न पाहिलेला.

संधी खोक्यानेच दिली. एका गुरुवारी पडद्यावर जाहिरात आली. आता याच रेकॉर्डरवर इंटरनेटवरून हवा तो सिनेमा. पहिला महिना फुकट.

"काका, बघूया का?"

"कशाला गं? मला सिनेमाचं काही कळत नाही."

"करून तर बघू. नाही आवडलं तर बंद."

ते रिमोटकडे बघत राहिले. मला ‘नाही’ म्हणणं त्यांना जमत नसे. प्रवाशाला ‘जागा नाही’ असं त्यांनी उभ्या आयुष्यात म्हटलं नव्हतं. मोठा पेटारा आला तरी म्हणायचे, "करू की जागा."

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर."

मी इंटरनेटची तार जोडली. खोका दोनदा बंद पडून चालू झाला. मग चित्रांच्या रांगा आल्या. मी एक विनोदी सिनेमा निवडून दिला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. "आता पुढचं तुम्हीच करा. शिकायला नको? मी चहा टाकते."

या खोक्याची पद्धत अशी होती की सिनेमा आधी त्याच्या पोटातल्या डिस्कवर उतरायचा आणि मग दिसायचा. हे मला माहीत होतं. डिस्क भरत आली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी साखर शोधत होते.

बाहेरून काकांचा आवाज आला. "अगं, हे विचारतंय. जागा अपुरी आहे. सर्वांत जुनं काढून जागा करायची का?"

मी आतून ओरडले, "करा ना!"

"होय म्हणू?"

"होय म्हणा!"

साखर वरच्या फळीवर होती.

मी चहा घेऊन आले तेव्हा सिनेमा सुरू झाला होता. चित्र मधेच थांबायचं, एक गोल फिरायचा, पुन्हा चालायचं. काका सरळ बसून बघत होते. मी हसले की हसत होते, थोडं उशिरा. सिनेमा संपल्यावर म्हणाले, "छान होता. तो कुत्रा शेवटी घरी आला ते बरं झालं."

मी खूश झाले. आणखी चार सिनेमे रांगेत लावून दिले, आठवडाभर पुरतील असे. खोक्याने पुन्हा काही विचारलं नाही. एकदा दिलेली परवानगी त्याला पुरेशी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला माझ्या खिडकीसमोर बारा-पंधरा माणसांची रांग होती. मी मान वर न करता उत्तरं देत होते. फलाट चार. अकरा वीस. आज नाही, उद्या. एक जण पुढे आला आणि काही बोलेना. मी वर पाहिलं. काका होते. इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभे राहिले होते. मागच्या दाराने आत येऊ शकले असते. नाही आले.

"पदवीधर, एक चौकशी आहे."

"काका! इथे कसे?"

"त्या खोक्याची मागची खोली कुठे असते?"

मला कळलं नाही. मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, लवकर करा, गाडी आहे."

"हो, हो." काका त्याच्याकडे वळून अदबीने म्हणाले. मग मला म्हणाले, "काल ते जुनं काढलं ना आपण. ते कुठे ठेवतं ते? सकाळी यादी पाहिली, तर अकराच दिसतात. बाकीची मागे गेली असतील. मला फक्त रस्ता दाखव, मी आणतो."

ते हसत होते. घाबरलेले नव्हते. चारशे सोळा नग मांडणीवरून हलले आहेत, एवढंच त्यांना वाटत होतं.

मी काय बोलले ते आठवत नाही. "संध्याकाळी येते," असं काहीतरी. ते बाजूला झाले. मागच्या माणसाने गाडी विचारली. मी चुकीची वेळ सांगितली.

संध्याकाळी आम्ही कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. वीस मिनिटं संगीत वाजलं. मग एका मुलीचा गोड आवाज आला. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि सगळं नीट, तारखेनिशी सांगितलं.

"सर, तुमच्या संमतीनेच जागा मोकळी केलेली दिसते आहे."

"केली ना. मीच केली. मग ठेवलं कुठे?"

"सर, ते आता नाही."

"नाही म्हणजे कुठे आहे?"

"सर, ते काढून टाकलं आहे."

"तेच विचारतोय बाळा. काढून कुठे टाकलं?"

 त्या मुलीने कागदावरचं वाक्य पुन्हा वाचलं. काकांनी तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. "नवीन दिसते," ते मला म्हणाले. "तिला मागचं माहीत नसेल."

शनिवारी आम्ही खोका घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. काकांनी तो मांडीवर धरला होता. दुरुस्तीवाला डोळ्याला भिंग लावून बसलेला बारीक माणूस होता. त्याने दोन दिवस मागितले. सोमवारी त्याने मला एकटीला बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. काका म्हणाले, "माझ्यासमोर सांगा."

"नुसतं पुसलं असतं ना काका, तर शोधून दिलं असतं. पण त्याच जागेवर नवं लिहिलंय. तिथे आता हे सिनेमे बसलेत. एकेक सिनेमा तुमच्या ऐंशी बातमीपत्रांची जागा खातो." त्याने बोटावर मोजले. "पाच."

"आणि त्यांना उठवलं तर?"

"तर खाली काही नाही."

काकांनी भिंगवाल्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्या वेळी त्यांना कळलं. मी ते कळताना पाहिलं. त्यांचा उजवा हात खिशाकडे गेला, जसा प्रवासी बिल्ला चाचपतो तसा.

"म्हणजे मी टाकून दिलं," ते म्हणाले.

"काका, मी ‘होय म्हणा’ म्हटलं. मी."

"खिडकीवर कोण होतं? रिमोट कुणाच्या हातात होता?"

 तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर त्यांनी खोका जागेवर ठेवला, तारा जोडल्या, वरचा रुमाल सरळ केला. मग सोफ्यावरची उशी उचलली आणि खालची वही माझ्या हातात दिली.

ती सामानघराची जुनी नोंदवही होती. नग, वर्णन, ठेवल्याची तारीख, नेल्याची तारीख, असे छापील रकाने. नगाच्या खाली त्यांनी शब्द लिहिले होते. वर्णनाच्या खाली हात.

‘पूर. दोन्ही तळवे खाली. हळूहळू वर.’

‘मदत. डाव्या तळव्यावर उजवी मूठ. दोन्ही उचलायचे.’

‘बेपत्ता. पाचही बोटं एकत्र, मग उघडायची. आत काही नाही.’

ठेवल्याची तारीख म्हणजे बातमीपत्राची तारीख. नेल्याची तारीख म्हणजे ज्या दिवशी तो शब्द त्यांना न बघता आला, तो दिवस.

रोज दुपारी ते टीव्हीचा आवाज मोठा करत. निवेदक बोलायचा, कोपऱ्यात काकूंचे हात बोलायचे. काका एक वाक्य ऐकत, थांबवत, मागे नेत, पुन्हा बघत. हात खिशातून काढून तसंच करत. मी आले की बंद.

"एकशे अठ्ठ्याऐंशी झाले होते," ते म्हणाले. "दोनशे झाले की बोलणार होतो. तिच्याशी. या महिन्याच्या रविवारी होऊन गेले असते."

"काका, मला का नाही सांगितलं?"

"तू हसली असतीस."

"मी?"

"कुणीही हसतं. एकदा नीट आलं, की मग दाखवायचं असं ठरवलं होतं."

मी वही धरून उभी राहिले. मी त्यांना दुःखातून बाहेर काढत होते. ते अभ्यास करत होते.

उरलेली अकरा बातमीपत्रं शेवटची होती, आजारातली. ती काकांनी कधी लावली नव्हती. त्या सोमवारी लावली. काकू वर्तुळात बसलेल्या होत्या, उभ्या नव्हत्या. मनगटं बारीक झाली होती. निवेदक पुढे जायचा आणि त्या दोन शब्द मागे राहायच्या. एका ठिकाणी त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि चार-पाच सेकंद नुसत्या समोर पाहत राहिल्या. मग पुन्हा सुरू केलं. काकांनी तिथे थांबवलं.

"यावरून शिकता येणार नाही," ते म्हणाले. "ती शब्द अर्धे सोडतेय."

मी वाहिनीच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने सांगितलं की कोपऱ्यातल्या वर्तुळासकट बातमीपत्र कुणी जपत नाही. कशाला जपायचं? शिळ्या बातम्या.

रविवारला सहा दिवस होते. काका म्हणाले, "तू ये त्या दिवशी. मधे कुणीतरी लागतं."

"मला तर ती भाषा येत नाही."

"मलाही येत नाही. तरी ये."

त्या सहा दिवसांत त्यांनी काय सांगायचं ते वहीतून बसवलं. अडचण एकच होती. त्यांच्याकडे फक्त बातम्यांचे शब्द होते. अपघात, मृत, जखमी, विरोधक, चौकशी, आकडे. आकडे तर पाठ, बातम्यांत आकडेच असतात. ‘भूक’ नव्हता. ‘दमलीस का’ नव्हतं. ‘चुकलं’ नव्हतं, कारण बातम्यांत कुणी चुकत नाही. ‘माफ कर’ शोधताना त्यांना मिळालं ते ‘खेद व्यक्त केला’. ते सरकार करतं.

"चालेल का?" त्यांनी मला विचारलं.

"चालेल," मी म्हटलं. मला काय माहीत.

रविवारी ताई आली. उंच आहे, काकूंसारखी रुंद कपाळाची. बोटांच्या टोकांना पांढरी भुकटी बसलेली असते, धुऊनही जात नाही. तिने मला मान हलवून ओळख दिली, पिशवी ठेवली, चपला काढल्या. सवयीने टेबलावरची वही आणि पेन जवळ ओढलं. काकांनी वही मिटली.

ते तिच्यासमोर उभे राहिले. काकू आजारापूर्वी पडद्यावर उभ्या राहायच्या तसे, पाय जुळवून. हात खिशातून काढले.

नमस्कार. ठळक बातम्या.

ताईचे डोळे मोठे झाले. आणि ती हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवून. वडिलांचे हात तिने लहानपणीच्या त्या जेवणानंतर पहिल्यांदा बोलताना पाहिले होते, आणि ते बातम्या देत होते. मी काकांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता हात खिशात जाणार.

गेले नाहीत.

अपघात. या घरात. दहा दिवसांपूर्वी.

ती अजून हसत होती.

चारशे सोळा बेपत्ता. पाच बोटं एकत्र, मग उघडली. आत काही नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या वर्तुळाची खूण हवेत काढली आणि मग काकूंच्या नावाची खूण केली. ती त्यांना आधीपासून येत होती, त्या घरातली ती एकच.

ताईचं हसणं थांबलं.

अकरा बचावली. शोध संपला. सरकार जबाबदार. ‘सरकार’ म्हणताना त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. सरकारने खेद व्यक्त केला.

त्यांनी ते तीनदा केलं. खेद व्यक्त केला. खेद व्यक्त केला. मग हात तसेच हवेत राहिले. पुढची बातमी नव्हती.

ताई उठली. रिमोट घेतला. यादी उघडली. पाच सिनेमे आणि अकरा ओळी. ती वर-खाली करत राहिली, जणू यादी खाली आणखी असेल. मी वही उघडून घाईने लिहिलं, चूक माझी आहे, मी त्यांना सांगितलं. तिच्यापुढे धरली. तिने न वाचता वही पालथी ठेवली. माझ्याशी तिला काही बोलायचं नव्हतं.

मग तिला ती दुसरी वही दिसली, नोंदवही. सोफ्यावर उघडीच होती. तिने पानं उलटली. पूर. मदत. बेपत्ता. नेल्याची तारीख. एका पानावर तिचं बोट थांबलं, मग पुढच्या, मग पुढच्या. शेवटच्या नोंदीपर्यंत ती गेली. एकशे अठ्ठ्याऐंशी.

ती वडिलांसमोर येऊन उभी राहिली आणि हातांनी काहीतरी विचारलं. हळू. एकेक खूण सुटी करून, लहान मुलाला विचारतात तशी.

काकांना ते समजलं. त्यांचे ओठ हलले आणि त्यांनी ते मोठ्याने म्हटलं, माझ्यासाठी की स्वतःसाठी, माहीत नाही. "मला का नाही विचारलं?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "‘विचारणे’ येतं मला. विरोधक रोज विचारतात."

ताई थांबली होती. हात खाली सोडून, त्यांच्या हातांकडे बघत. काकांनी उजवा हात उचलला आणि खाली घेतला. डावा उचलला. एकशे अठ्ठ्याऐंशी शब्दांत उत्तर नव्हतं. त्यांनी टेबलावरच्या वहीकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं. ताईने ते पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मला तिथे उभं राहवेना. मी चहा टाकायला आत गेले.

पाणी ठेवलं. साखर वरच्या फळीवर होती, ती काढली. बाहेरच्या खोलीत भांडण चाललं असतं तर कुणाच्याही घरात ऐकू आलं असतं. कुणी रडत असतं, कुणी समजूत घालत असतं, तरी आलं असतं. इथे काहीच ऐकू येत नव्हतं. दोघं बोलत असतील. किंवा समोरासमोर नुसते उभे असतील.

पाणी उकळलं. मी कप तीन घेतले आणि गॅस बारीक करून तशीच थांबले.